सात जणींच्या मोर्चानंतर

इंडोनेशियात अहमद दहलान यांनी १९१२ मध्ये 'मुहम्मदिया' ही संघटना काढली. पाच वर्षांत तिची महिला शाखाही उभी राहिली. शाळा-दवाखान्यांतून ती घराघरांत पोचली. आपल्याकडे उलटं घडलं. बायका आधी रस्त्यावर आल्या, संघटना नंतर आली.

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांनी मोर्चा काढला. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मागणी. सातच जणी! त्यांच्यामागे होते चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. २२ मार्च १९७० रोजी त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापलं. नावातच जोतीराव फुल्यांचा वारसा होता. मुहम्मदियाने सुधारणेचा आधार कुराणात शोधला, दलवाईंनी राज्यघटनेत. मंडळ लहान राहिलं ते बहुधा यामुळेच, असं मला वाटतं. पण टाकलेल्या बाईचं गाऱ्हाणं ऐकून घेणारी माणसं तिथे होती. सय्यदभाई या कामात आले, ते बहिणीला तलाक मिळाल्यावर.

१९८५ मध्ये, शाहबानो निकालाच्या वर्षी, मंडळाचा तलाकमुक्ती मोर्चा कोल्हापूरहून नागपूरकडे निघाला. वाटेत विरोध झाला. आम्हा कोराडीकरांना नागपुरातल्या मोर्चांचं अप्रूप नाही. पण आपल्याच समाजाचा रोष पत्करून इतक्या लांबून निघालेले थोडेच. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून तो पोटगीचा निकाल बोथट केला.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. दलवाईंना जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. सय्यदभाई मात्र तो निकाल ऐकायला हयात होते.