पाठराखिणीविना सासरी आलेली युक्का

(थ्रेड)

१५९७ साली लंडनमध्ये जॉन जेरार्ड या शस्त्रवैद्याने वनस्पतींवरील आपला जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या बागेत तेव्हा तलवारीसारख्या ताठ, अणकुचीदार पानांचे एक परदेशी झुडूप होते. एक्झेटर येथील एका औषधविक्रेत्याकडून ते त्याला मिळाले होते. वेस्ट इंडिजमधील लोक ज्या 'युका'च्या कंदाची भाकरी करतात, तीच ही वनस्पती, अशी जेरार्डची समजूत झाली.

समजूत साफ चुकीची होती. भाकरीचा युका म्हणजे कसावा. आपल्या उपवासाचा साबुदाणा ज्याच्या कंदापासून होतो, तोच. जेरार्डच्या दारातले झुडूप मात्र आपल्या घायपाताच्या कुळातले. तरीही नाव चिकटले ते चिकटलेच. १७५३ साली लिनिअसने त्यावर 'युक्का' अशी शास्त्रीय मोहोर उमटवली आणि चुकीला कायमचे घर मिळाले.

जेरार्डचे पुस्तक छापले गेले तोवर त्याच्या झाडाला फूल आले नव्हते. इंग्लंडमध्ये युक्का प्रथम फुलली ती १६०४ साली, एसेक्समधील विल्यम कॉइस यांच्या बागेत. माणसाच्या उंचीचा दांडा आणि त्यावर घंटांसारखी लोंबणारी शेकडो पांढरी फुले. पुढे ही वनस्पती युरोपच्या राजेशाही बागांत दिमाखात मिरवली. पण फुले गळून जात आणि दांडा रिकामा उरे. फळ धरले तर तो अपवादच.

याचे उत्तर मिळायला १८७२ साल उजाडावे लागले, आणि ते अटलांटिकच्या पलीकडे मिळाले. मिसुरी राज्यातील सेंट लुइस शहरात जॉर्ज एंगेलमान हे वैद्यक करीत. ते मूळचे फ्रँकफर्टचे. रोगी तपासून उरलेला वेळ ते निवडुंग, द्राक्षवेल आणि युक्का यांना देत. युक्काच्या फुलाची रचनाच अशी आहे की त्याचे चिकट पराग आपोआप कुक्षीपर्यंत पोहोचू शकत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. फुलांत संध्याकाळी लहान पांढरे पतंग वावरताना त्यांना दिसले. त्यांनी ही गोष्ट राज्याचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांच्या कानावर घातली.

रायलींनी रात्री जागवून जे पाहिले, त्यावर सहजासहजी विश्वास बसण्यासारखे नव्हते. या पतंगाच्या मादीच्या तोंडाशी दोन वळणदार अवयव असतात, इतर पतंगांत ते आढळत नाहीत. त्यांनी ती पराग खरवडून त्यांचा गोळा करते आणि हनुवटीखाली धरून दुसऱ्या फुलाकडे उडते. तेथे बीजकोशाला छिद्र पाडून आत अंडी घालते, आणि मग फुलाच्या मध्यावर चढून परागांचा थोडा भाग कुक्षीच्या खळगीत दाबून बसवते. मधमाशीच्या अंगाला पराग नकळत लागतात. येथे तसे काही नाही. हे काम तिच्या देहाला नेमूनच दिलेले आहे. अळ्या थोडे बी खातात, उरलेले झाडाला मिळते. पतंगाला युक्कावाचून गती नाही आणि युक्काला पतंगावाचून.

हे परागीकरणाचे सर्वांत नवलाचे उदाहरण होय, असा अभिप्राय डार्विनने १८७४ साली हूकरला लिहिलेल्या पत्रात दिला. अमेरिकेत मात्र शंकाकुशंका निघाल्या. काहींनी युक्कावरचे पांढरे पतंग पकडून पाहिले, तर त्यांना ते वळणदार अवयवच नव्हते! गोंधळ फिटला तो रायलींनी दुसरी जात वेगळी केल्यावर. दिसायला हुबेहूब, पण परागांशी संबंध नाही. तिच्या अळ्या फुलाचा दांडा पोखरतात. १८८० साली रायलींनी तिचे जे नाव ठेवले त्याचा अर्थच 'फसवणारा' असा होतो. वादाचा राग थोडासा त्या नावात उतरला असावा.

युरोपातले कोडे आता सुटले. झाड आणले होते, पाठराखीण आणली नव्हती. मग माळ्यांनी तिचे काम आपल्या हाती घेतले. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लुडविग श्प्रेंगर यांनी नेपल्समध्ये हाताने परागीकरण करून युक्काचे कित्येक संकर घडवले. १९०६ साली व्हेसुव्हियसच्या राखेने त्यांच्या बागेची दैना केली आणि ते कैसर विल्हेल्मच्या बागेची देखभाल करण्यासाठी कॉर्फू बेटावर गेले. १९१७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. त्याच काळात कार्ल्सरूहचे उद्यानप्रमुख ग्रेबनर यांनी थंडीला दाद न देणारा संकर तयार केला. पुर्पुस बंधूंपैकी एक जण अमेरिकेच्या कोरड्या पठारांवरून रोपे व बिया पाठवी, दुसरा डार्मस्टाटच्या वनस्पतिउद्यानात ती वाढवी.

या मंडळींना एक धडा पुनःपुन्हा मिळाला: या वनस्पतींना थंडी मारत नाही, थंडीतले पाणी मारते. युक्का ग्लॉका ही जात पार कॅनडातील अल्बर्टाच्या दक्षिण टोकापर्यंत रानात वाढते, शून्याखाली तीस अंश सोसते. पण तीच चिखलट जमिनीत, हिवाळी पावसाच्या प्रदेशात सडून जाते. कणखर ताडांचीही गत निराळी नाही. बलुचिस्तान व अफगाणिस्तानच्या उघड्या डोंगरांवरचा मझरी ताड, ज्याच्या पानांच्या चटया आणि दोर वळतात, तो बर्फ सोसतो, पण ओला थंडावा त्याला मानवत नाही. ताडाच्या खोडाला वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. तेथे पाणी साचून गोठले की ते खोड संपले. म्हणून जाणकार माळी उतारावर, खडी-वाळूच्या ढिगावर, दक्षिणेकडे तोंड करून ही झाडे लावतो आणि हिवाळ्यात शेंड्यावर पांघरुणापेक्षा छप्पर धरतो.

ज्या लोकांच्या भूमीतून युक्का उचलली गेली, त्यांना तिचे गुण हजारो वर्षे ठाऊक होते. नैर्ऋत्य अमेरिकेतील प्राचीन प्वेब्लो लोक तिच्या धाग्यांच्या चपला विणत. तिच्या मुळांचा फेस, आपल्या रिठ्यासारखा, नवाहो लोक विधीपूर्वक केस धुण्यासाठी वापरतात. युरोपच्या बागांच्या इतिहासात या ज्ञानाला फारशी जागा मिळाली नाही, हे खटकल्याशिवाय राहत नाही.

युक्काकुळातील सर्वांत भव्य झाड म्हणजे मोहावी वाळवंटातील जोशुआ वृक्ष. त्याचेही पतंग ठरलेले. ऑगस्ट २०२० मध्ये सिमा डोम परिसरात वीज पडून वणवा पेटला आणि सुमारे १३ लाख जोशुआ वृक्ष जळाले. त्यानंतर स्वयंसेवकांनी नवी रोपे लावली. काही ठिकाणी पाणी आणि साहित्य उंटांच्या पाठीवरून नेले गेले. दुष्काळाने आणि कुरतडणाऱ्या प्राण्यांनी त्यांतली बहुतेक नाहीशी केली. जी उरली, त्यांना पहिले फूल यायला काही दशके जातील, आणि त्या रात्री पतंगाची मादी आसपास असावी लागेल.