वंगण पोचले का?

बोरीवलीच्या इतिहासात ५ जानेवारी १९२८ ही तारीख महत्त्वाची आहे. त्या दिवसापासून बी.बी.सी.आय. रेल्वेची विजेची गाडी कुलाब्याहून बोरीवलीपर्यंत धावू लागली. वाफ गेली, वेग वाढला. वंगणाची गरज मात्र तशीच राहिली. अ‍ॅक्सल बॉक्सला हात लावून तो तापला आहे का, हे पाहणारा माणूस रेल्वेत पुढेही लागलाच.

हे काम यंत्राकडे सोपवण्याची धडपड जुनी आहे. पूर्वी वाफेचे इंजिन तेल घालण्यासाठी वरचेवर थांबवावे लागे. गुलामगिरीतून निसटलेल्या आईबापांचा मुलगा एलायजा मॅकॉय याने १८७२ साली चालत्या इंजिनाला आपोआप तेल देणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले. विसाव्या शतकात ग्रीसगन आणि निपल आले. पुढे टाकी, पंप, वाटप करणारा ब्लॉक आणि नळ्या अशी स्वयंचलित व्यवस्था आली.

या ब्लॉकमधले दट्टे एकामागून एक सरकतात. एक वाट तुंबली की पुढचा दट्ट्या अडतो, दाब चढतो, रिलीफ व्हॉल्व्हमधून ग्रीस बाहेर येते आणि बिघाड कळतो. पण ब्लॉकच्या पुढची नळी फुटली, तर दट्टे सरकतच राहतात. दिवा हिरवा आणि बेअरिंग कोरडे!

मी बरीच वर्षे अशा यंत्रांची दुरुस्ती केली. बोरीवली पूर्वेला एका कामावर एक्स्कॅव्हेटरच्या बकेटची पिन जाम झाली. ठेकेदार हेल्परला काढायला निघाला. पोरगा एवढेच म्हणाला, "काका, दिवा तर हिरवाच होता." दिवा पाहिला की झाले, हे त्याला मीच शिकवले होते. शोधले तेव्हा दगडाने चेपून फुटलेली नळी सापडली. चूक माझी, हे मी सर्वांसमोर सांगितले. पोराची नोकरी राहिली.

आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून ठाणे-बोरीवली जुळ्या बोगद्याचे काम चालू आहे. बोगदा खोदणाऱ्या यंत्राच्या मुख्य बेअरिंगच्या सीलनाही पंपानेच ग्रीस मिळते. तिथे सेन्सर कितीतरी अधिक असतात. तरी नव्या फिटरला मी हेच सांगतो: पंप चालला, एवढेच दिवा सांगतो. ग्रीस पोचले का, हे सांध्याच्या कडेला आलेल्या ताज्या ग्रीसवरून ओळखायचे. त्यासाठी यंत्र बंद करून खाली वाकावे लागते.