डबा खाल्ल्यावर लिपस्टिक जाते कुठे? लिपस्टिक आणि लिप ग्लॉस पुरेपूर वापरायचे तर हे माहीत हवं

सकाळी निघताना लावलेली लिपस्टिक दुपारचा डबा संपेपर्यंत अर्धी झालेली असते. कडेला रंगाची रेघ आणि मधे मूळचे ओठ. मग आपण ब्रँडला नावं ठेवतो, पुढच्या वेळी अजून महागाची घेतो आणि तिचंही तेच होतं. शेवटी ड्रॉवरमध्ये सात-आठ लिपस्टिक पडून असतात आणि वापरात मात्र दोनच.

बहुतेक वेळा यात दोष लिपस्टिकचा नसतो. ती कशापासून बनली आहे हे कळलं, की ती किती टिकेल, कशाने निघेल आणि कधी फेकायची हे बरंचसं आपलं आपल्यालाच कळायला लागतं. म्हणून आधी त्या नळीत काय असतं ते बघू.

मेण, तेल आणि रंग

साध्या कांडीच्या लिपस्टिकमध्ये मुख्य तीन गोष्टी असतात. मेणामुळे कांडी उभी राहते. हे मेण मधमाश्यांचं असतं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं कार्नौबा असतं किंवा मेक्सिकोकडच्या एका झुडपापासून काढलेलं कँडेलिला असतं. तेलामुळे ती ओठावर सरकते. यातलं सगळ्यात जुनं आणि अजूनही वापरात असलेलं तेल म्हणजे एरंडेल. होय, लहानपणी नाक दाबून पाजायचे तेच, फक्त शुद्ध केलेलं. ते घट्ट असल्यामुळे रंगाची पूड त्यात नीट घोटली जाते. जगात सर्वाधिक एरंडेल भारतात तयार होतं आणि त्यातलंही बहुतेक गुजरातमध्ये. तिसरी गोष्ट अर्थातच रंग.

या तिघांचं प्रमाण बदललं की लिपस्टिकचा स्वभाव बदलतो. तेल जास्त असेल तर ती मऊ, चमकदार आणि ओठांना बरी वाटणारी होते, पण चहाच्या कपालाही लागते. रंग, मेण आणि पूड जास्त असेल तर मॅट होते. ती टिकते, पण कोरडी वाटते. ओठांच्या नाजूक त्वचेला घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेलाच्या ग्रंथीही जवळपास नसतात. गालाला मिळतं तसं स्वतःचं तेल ओठाला मिळत नाही, म्हणून मॅटचा कोरडेपणा लगेच जाणवतो.

लिक्विड मॅटचं तंत्र वेगळं आहे. तिच्या घटकांच्या यादीत बहुतेक वेळा 'आयसोडोडेकेन' असं नाव दिसेल. हा उडून जाणारा द्राव असतो. लावल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत तो उडतो आणि ओठावर रंगाचा पातळ पापुद्रा उरतो. हा पापुद्रा पाण्याला दाद देत नाही. चहा झाला, पाणी झालं, पावसाची सरही झाली, तरी रंग जागेवर. पण तेलापुढे तो हरतो. वडापाव, भजी, मिसळीची तर्री, आणि संपला विषय. 'दिवसभर टिकणारी' लिपस्टिक जेवणात का जाते याचं उत्तर हे आहे.

ग्लॉसमध्ये रंग नावापुरता असतो. बाकी घट्ट, चिकट तेलं. ती ओठांवरच्या बारीक रेषा भरून काढतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि प्रकाश एकसारखा परततो. ओठ भरलेले दिसतात ते त्यामुळे. तोच चिकटपणा स्कूटीवर किंवा लोकलच्या दारात उभं राहिल्यावर केस ओठाला चिकटवतो. ग्लॉसचा दिवस निवडताना एवढं लक्षात असू द्या.

टिकाऊ लिपस्टिकचं वेड आजचं नाही. हेझल बिशप या अमेरिकन रसायनतज्ज्ञ बाईंनी घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग करून अशी लिपस्टिक तयार केली आणि ती १९५० मध्ये बाजारात आली. आपल्याकडे टाटांनी लॅक्मे सुरू केली ती १९५२ मध्ये. बिशप यांचा भर त्वचेवर डाग धरणाऱ्या रंगांवर होता. त्याच जातीचे रंग आज 'रंग बदलणाऱ्या' लिपस्टिकमध्ये असतात. कांडी हिरवी आणि ओठ गुलाबी, यात मूडचा काही संबंध नाही. ओठावरचा ओलावा आणि आम्लता लागली की तो रंग खुलतो, इतकंच.

लावायची कशी

लिप बाम लावायचा तो दहा मिनिटं आधी, आणि लिपस्टिकच्या आधी तो पुसून टाकायचा. ही एक गोष्ट बहुतेकजणी विसरतात. खाली बामचं तेल राहिलं की वरची लिपस्टिक घसरणारच.

मऊ लिपस्टिक असेल तर आधी लायनर. त्यात मेण जास्त आणि तेल कमी असतं, म्हणून रंग ओठाबाहेर पसरायला अडतो. फक्त कडेला रेघ न मारता पूर्ण ओठ लायनरने भरले, तर लिपस्टिक गेल्यावरही खाली काहीतरी रंग राहतो आणि ती सुरुवातीला सांगितलेली रिकामी चौकट दिसत नाही. मग लिपस्टिकचा एक पातळ थर द्या, टिश्यू पेपर दाबा, पुन्हा एक पातळ थर. टिश्यू वरचं जास्तीचं तेल उचलतो आणि रंग मागे ठेवतो. एकच जाड थर दिला तर तो फक्त कपावर जास्त लागतो.

लिक्विड मॅटला मात्र उलट नियम. एकच पातळ थर द्या आणि सुकेपर्यंत ओठ एकमेकांवर घासू नका. वाळलेल्या थरावर दुसरा थर चढवला की खपल्या निघतात. जेवणानंतर मधेच गेलेला रंग भरायचा प्रयत्नही करू नका. सगळी काढा आणि नव्याने लावा. मिसळच खायची असेल तर आधीच पुसून बसावं, हे माझं प्रामाणिक मत. काढायला खोबरेल तेल पुरतं, कारण तेलानेच ती सुटते. नुसत्या फेसवॉशने घासत बसलात तर ओठ सोलवटतील.

याच कारणाने लिक्विड मॅटवर पूर्ण ओठभर ग्लॉस लावू नये. ग्लॉसमधलं तेल खालचा पापुद्रा विरघळवतं आणि तासाभरात रंग हनुवटीकडे निघतो. चमक हवीच असेल तर खालच्या ओठाच्या मधोमध एक ठिपका ठेवा.

शेड निवडताना मनगटावर रेघ मारून बघण्याऐवजी बोटाच्या टोकावर लावा. तिथली त्वचा ओठाच्या रंगाला त्यातल्या त्यात जवळची असते. आणि दुकानाच्या दिव्याखाली ठरवू नका, दाराशी येऊन उजेडात बघा. आपल्याकडे अनेकींचे ओठ मुळात गडद असतात. फिका, पारदर्शक रंग त्यावर राखाडी दिसू शकतो. तो रंग वाईट नसतो, त्याला खाली लायनर लागतो.

तळाशी उरलेला माल

कांडी नळीच्या काठाशी आली की आपण ती संपली म्हणतो, पण आत बरीच शिल्लक असते. लिप ब्रशने ती आठवडेच्या आठवडे वापरता येते. नाहीतर स्वच्छ टूथपिकने कोरून वाटीत काढा, वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा आणि धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या छोट्या डबीत ओता. न आवडणारी गडद शेड आणि फार फिकी शेड अशी एकत्र केली तर कधीकधी छान रंग निघतो. थोडी पेट्रोलियम जेली मिसळली की रंगीत बाम तयार.

दोन गोष्टी मात्र करू नका. लिक्विड मॅट गरम करू नका, तिच्यातला द्राव पेट घेणारा असतो. आणि कशातही पाणी, गुलाबपाणी किंवा थुंकी मिसळू नका. कांडीच्या लिपस्टिकमध्ये पाणी जवळपास नसतं म्हणूनच तिच्यात जंतू सहज वाढत नाहीत. पाणी घातलं की ते संरक्षण गेलं.

तळाशी बसलेला ग्लॉस बाहेर काढायला झाकण घट्ट लावून नळी पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवा. उन्हाळ्यात कांडीवर बारीक थेंब दिसले तर घाबरायचं कारण नाही, उष्णतेने आतलं तेल बाहेर आलेलं असतं. टिश्यूने टिपा आणि सावलीत ठेवा. मे महिन्यात गाडीत विसरलेली लिपस्टिक मात्र वितळून पुन्हा गोठताना रवाळ होते.

सोन्याच्या अंगठीची परीक्षा

लिपस्टिकवर सोन्याची अंगठी घासा, काळी रेघ आली तर त्यात शिसं आहे, असा मेसेज तुम्हालाही आला असेल. हा दावा २००३ च्या सुमारास ईमेलवर फिरत होता, तोच आता व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. ही परीक्षा खोटी आहे. धातू घासल्यावर काळसर रेघ शिशाशिवायही उमटू शकते आणि शिसं असलं तरी ते असं दिसत नाही. ते प्रयोगशाळेतच मोजावं लागतं.

पण शिशाचा प्रश्न खोटा नाही. रंगांच्या खनिजांबरोबर ते अगदी थोडं येतं आणि लिपस्टिक पोटात जातेच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ४०० लिपस्टिक तपासल्या तेव्हा सरासरी दर दहा लाख भागांत १.११ भाग शिसं आढळलं, सर्वाधिक ७.१९. पुढे २०१६ मध्ये त्यांनी १० भागांची मर्यादा सुचवली. भारतात प्रसाधनांत वापरल्या जाणाऱ्या रंगांसाठी ती २० भाग आहे. खरा धोका आहे तो नियमांबाहेरच्या, बनावट मालात. म्हणून पॅकवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत हे सगळं आहे का बघा. आयात मालावर नोंदणी क्रमांक हवा. नामांकित ब्रँडची लिपस्टिक रस्त्यावर दहाव्या भावात मिळत असेल तर ती त्या ब्रँडची नाही.

शाकाहारी असाल तर यादीत 'कार्माइन' किंवा 'सीआय ७५४७०' शोधा. हा लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यापासून निघतो.

एक लिपस्टिक, सगळं वऱ्हाड

लग्नघरात हमखास दिसणारं दृश्य: पार्लरवाल्या ताईंची एकच लिपस्टिक नवरीपासून करवल्यांपर्यंत सगळ्यांच्या ओठांवर फिरते. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला ज्या पाणीदार, झोंबणाऱ्या पुळ्या उठतात, त्या हर्पिसच्या विषाणूमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात पन्नाशीच्या आतल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या शरीरात तो आहे. एकदा शिरला की कायमचा राहतो आणि अधूनमधून डोकं वर काढतो. पुळी दिसत नसतानाही तो पसरू शकतो.

ताईंना सांगायला संकोच वाटतो, पण सांगा: लिपस्टिक आधी पॅलेटवर काढून घ्या आणि प्रत्येकीला वेगळा ब्रश वापरा. ग्लॉसचा ब्रश तर ओठाला लागून परत नळीत जातो, तो कुणाशीच वाटून घेऊ नये. दुकानातला टेस्टर थेट ओठाला लावायचा नाही. तुम्हाला पुळी आली असेल तेव्हा जी लिपस्टिक लावलीत ती टाकून द्या.

एरवी पॅकवर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात १२ किंवा २४ असा आकडा. उघडल्यापासून तितके महिने. छापलेली मुदत त्याआधी संपत असेल तर ती धरायची. उघडल्याची तारीख कुणालाच आठवत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी नळीच्या बुडाला पेनाने महिना-वर्ष लिहा. तारीख नसलेल्या जुन्या कांडीचा वास घ्या. खवट तेलासारखा आला, रंगावर बुरशीचे ठिपके दिसले किंवा लावल्यावर ओठ चुरचुरले, तर ती कितीही आवडती असली तरी कचऱ्यात.