लाल टोपण, नारिंगी टोपण

१९७९ साली मी तालुक्याच्या गावी मेडिकल टाकलं. पुढं चाळीस वर्षं त्या काउंटरमागं काढली. मधुमेह आणि औषधविक्रेता यांच्या नात्याविषयी बोलायचं, तर आधी माझीच एक चूक सांगायला हवी.

२००१ सालची गोष्ट. एका निवृत्त गुरुजींना डॉक्टरांनी रोज सकाळी २० युनिट इन्सुलिन लिहून दिलं होतं. आपल्याकडच्या नेहमीच्या कुपीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. तिची सिरिंज लाल टोपणाची. एका मिलिलिटरला १०० युनिट असलेल्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. त्या दिवशी लाल टोपणाच्या संपल्या होत्या. दुकानातल्या पोऱ्यानं नारिंगी दिल्या. मी गल्ल्यावर होतो, पण मान वर करून पाहिलं नाही. गुरुजी २०च्या रेघेपर्यंत भरत राहिले आणि अंगात जात होते फक्त ८ युनिट. महिनाभर साखर चढलेलीच. पायाची जखम चिघळली, एक बोट काढावं लागलं.

मी भेटायला गेलो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "रेघ तर मी रोज बरोबर मोजत होतो हो, भाऊ."

तेव्हापासून मी या विषयाचा इतिहास वाचू लागलो. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातल्या टोरांटो शहरात लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. औषध मिळालं, पण साखर मोजायची कशी? बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून परीक्षानळी तापवायची. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा रंग बदलत जाई. माझ्या दुकानातही ते द्रावण विकलं जाई. रक्ताची साखर दाखवणारी पट्टी १९६५च्या सुमारास आली, तर १९७०मध्ये अमेरिकेत पहिला ग्लुकोमीटर. तो किलोभराहून जड होता आणि डॉक्टरांसाठीच होता. पुढं तो आकसत आकसत रुग्णाच्या खिशात आला. आकडा घरी आला. पण त्याचा अर्थ सांगणारं माणूस घरी नव्हतं.

ते माणूस औषधाच्या दुकानात सापडू शकतं, हे दाखवलं अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या अ‍ॅशव्हिल शहरानं. तिथल्या नगरपालिकेनं १९९६मध्ये आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांसाठी एक योजना आखली. प्रशिक्षित फार्मासिस्टला नियमित भेटा, त्याच्याकडून मीटर, आहार, औषधं, पाय यांविषयी समजून घ्या. मग औषधांचा तुमच्या वाट्याचा खर्च आम्ही सोसू. फार्मासिस्टला या बोलण्याचे वेगळे पैसे मिळत. २००३मध्ये पाच वर्षांपर्यंतचा हिशेब प्रसिद्ध झाला. रुग्णांची सरासरी साखर उतरली होती. औषधांवरचा खर्च वाढला, पण एकूण वैद्यकीय खर्च कमी झाला.

आपल्याकडे फार्मसी कायदा १९४८चा. रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम आहे, असं नियमांत स्पष्ट यायला मात्र २०१५ उजाडलं. दरम्यान दुसरीच गोष्ट घराघरांत पोहोचली होती, ती म्हणजे मोबाइल. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूनं २००९ ते २०१२ या काळात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३७ नोकरदार पुरुषांवर एक प्रयोग केला. सर्वांना सुरुवातीला सारखाच सल्ला दिला. त्यांतल्या निम्म्यांना आहार-व्यायामाची आठवण देणारे एसएमएस दोन वर्षं पाठवले. एसएमएस न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह जडला, मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना. साधा एसएमएस, पण रोजच्या जगण्यात कुणीतरी आठवण देत राहिलं, त्याचा हा फरक. २०१६मध्ये केंद्र सरकारनंही मिस्ड कॉल देणाऱ्यांना असे संदेश पाठवायला सुरुवात केली.

मी कुठला प्रयोग करणार! स्मार्टफोन आल्यावर मी गिऱ्हाइकांना एवढंच सांगू लागलो : इन्सुलिन टोचण्याआधी कुपी आणि सिरिंज शेजारी ठेवून फोटो पाठवा. मीटरचा आकडा पाठवा. साखर ७०च्या खाली आली तर फोनची वाट पाहू नका, आधी साखर-पाणी घ्या. डोस मी कधीच बदलला नाही. तो अधिकार डॉक्टरांचा. पण डॉक्टरांकडे कधी तातडीनं जायचं, हे मी सांगू शकत होतो. एकदा एका आजींच्या सुनेचा फोटो आला. पेनमध्ये घालायचं १०० युनिटवालं इन्सुलिन आणि शेजारी लाल टोपणाची सिरिंज. ही गुरुजींच्या उलट गत. २०च्या रेघेला ५० युनिट गेले असते! मी तिथल्या तिथं फोन लावला. "सूनबाई, थांबा. हात लावू नका."

फोटो येतो, पण तो पाहणारा डोळा जागा हवा. अ‍ॅशव्हिलनं त्या डोळ्याला मोल दिलं. आपल्याकडे तो अजून गिऱ्हाइकीच्या गर्दीत फुकट, जमेल तसा वापरला जातो, आणि कित्येक दुकानांत तर फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं, माणूस नसतो.

गुरुजी आता नाहीत. दुकान मुलगा चालवतो. नव्या पोऱ्याला त्यानं पहिल्याच दिवशी दोन सिरिंजा हातात देऊन विचारलं, "टोपणाचा रंग कोणता?" मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो.