संवादी चालक-सहायक प्रणाली

चालकाशी माणसासारखा संवाद साधून, रस्त्यावर आणि चालकावर एकाच वेळी लक्ष ठेवून वाहन चालविण्यास मदत करणारी, कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली व्यवस्था. बोलणे समजून उत्तर देणारा संवादी सहायक आणि धोका ओळखणारी प्रगत चालक-सहायक प्रणाली (एडास) हे तिचे दोन घटक होत.

कार्यपद्धती : काचेमागील कॅमेरा वाहने, पादचारी व रस्त्यावरील पट्टे ओळखतो; रडार पुढील वाहनाचे अंतर व वेग मोजते. टक्कर होण्यास किती अवधी उरला आहे याचा हिशेब करून प्रणाली इशारा देते आणि काही गाड्यांत स्वतः ब्रेकही लावते. ताशी ६० किमी वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मी. अंतर कापते, त्यामुळे सेकंदभर आधी मिळालेला इशाराही जीव वाचवू शकतो. स्टिअरिंगच्या हालचालींवरून किंवा चेहऱ्यावर रोखलेल्या कॅमेऱ्यावरून चालकाची डुलकी ओळखता येते. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच या पातळ्यांपैकी दुसऱ्या पातळीपर्यंत जबाबदारी सर्वस्वी चालकाचीच असते.

भारतातील वापर : २०२१ मध्ये आलेल्या एमजी ॲस्टर गाडीत डॅशबोर्डवर मान वळवून बोलणारा छोटा यंत्रमानव होता, त्याला पॅरालिंपिक पदकविजेत्या दीपा मलिक यांचा आवाज दिला होता. त्याच वर्षी महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये एडास व डुलकीचा इशारा या सोयी आल्या. टाटा मोटर्सच्या काही गाड्या मराठीतूनही आज्ञा स्वीकारतात. सप्टेंबर २०२१ मध्ये नागपूरला ‘आय-रास्ते’ प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि नागपूर महानगरपालिका हे त्यातील भागीदार. शहर बसमध्ये टक्कर-इशारा यंत्रे बसवून, इशारे वारंवार मिळणारी ठिकाणे अपघातप्रवण होण्याआधीच हेरणे, हे त्याचे वैशिष्ट्य. अपघात निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले होते.

ग्रामीण रस्ते व मर्यादा : ग्रामीण रस्त्यांवर या प्रणालीला मर्यादा येतात. उदाहरणार्थ, बालाघाटच्या डोंगररांगेतील अंबाजोगाई (जि. बीड) येथे लातूर, परळी व केजकडील रस्ते मिळतात. गाळप हंगामात या भागात रात्री दिवा वा परावर्तक नसलेल्या उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या धावतात. मागे लोंबणारा ऊस, पुसलेले पट्टे, धूळ, घाटातील वळणे आणि अचानक आडवी येणारी जनावरे यांमुळे कॅमेऱ्याची अचूकता घटते. शहरी रस्त्यांच्या चित्रांवर शिकलेल्या प्रणालीला उसाची गाडी ओळखता येईलच असे नाही. प्रमाण मराठीवर शिकलेला सहायक मराठवाडी बोलीत अडखळू शकतो. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे रात्री-अपरात्री रुग्ण नेणाऱ्या चालकालाच खरे तर अशा मदतीची सर्वाधिक गरज आहे. म्हणून या रस्त्यांची चित्रे आणि येथील बोलीचे नमुने प्रशिक्षणात आले पाहिजेत. ऊसवाहनांना परावर्तक लावणे आणि रस्त्यांवर ठळक पट्टे आखणे ही कामेही तितकीच निकडीची आहेत. त्यांचा लाभ अशी प्रणाली नसलेल्या वाहनांनाही होतो.