ग्रिडलॉक म्हणजे नुसती कोंडी नव्हे
वाहतूक तुंबली की हल्ली आपल्याकडेही सर्रास ‘ग्रिडलॉक’ म्हणतात. साध्या कोंडीला हा शब्द लावणं मला पटत नाही. तो ज्यासाठी घडला तो प्रकार वेगळा आहे आणि त्यावरचा उपायही वेगळा.

या शब्दाचं जन्मगाव न्यूयॉर्क. मॅनहॅटनचे रस्ते 1811च्या आराखड्याने आखले गेले: 12 उभे ॲव्हेन्यू आणि त्यांना काटकोनात छेदणारे 155 आडवे रस्ते. हीच ती ग्रिड. कागदावर देखणी, पण पावलोपावली चौक.

असे चार चौक डोळ्यांसमोर आणा, मधे इमारतींचा एक ठोकळा. हिरवा सिग्नल मिळाला म्हणून काही गाड्या पहिल्या चौकात शिरतात. पुढे जागा नसते, तिथेच थांबतात. सिग्नल बदलतो, पण आडव्या रस्त्यावरच्यांना वाटच उरलेली नसते. त्यांची रांग मागे वाढत दुसऱ्या चौकात पोचते आणि तिथला रस्ता अडवते. मग तिसरा चौक, मग चौथा. आणि चौथ्या चौकाशी खोळंबलेल्या रांगेचं शेपूट म्हणजे पहिल्या चौकात अडकलेल्या त्याच गाड्या! आता कोणालाच हलता येत नाही, कारण प्रत्येकाची वाट फिरून त्याच्याच गाडीने अडवलेली असते. कोंडीत वाहतूक निदान मुंगीच्या पावलांनी तरी सरकते. ग्रिडलॉकमध्ये तेही नाही.

न्यूयॉर्कच्या वाहतूक खात्यातले अभियंते 1970च्या दशकात ही भीती आपसांत या शब्दाने बोलून दाखवत. 1980च्या एप्रिलमध्ये शहरातली बस आणि भुयारी रेल्वे संपामुळे 11 दिवस बंद पडली, लोक गाड्या घेऊन निघाले, आणि सॅम श्वार्ट्झ या अभियंत्यामुळे खात्यातला शब्द वर्तमानपत्रांत आला. त्यांना पुढे ‘ग्रिडलॉक सॅम’ हेच नाव पडलं. काही वर्षांत वॉशिंग्टनमध्ये रखडलेल्या विधेयकांनाही तो चिकटला. तो वापर मला चपखल वाटतो; तिथेही प्रत्येक जण दुसऱ्याने आधी हलावं म्हणून अडून बसलेला असतो.

रस्त्यावरच्या ग्रिडलॉकवर मात्र रस्ता रुंद करून भागत नाही. चौक मोकळा ठेवावा लागतो. ब्रिटनमध्ये 1967पासून चौकात पिवळ्या तिरक्या रेघांची चौकट आखतात ती त्यासाठीच. आपल्याकडेही काही चौकांत ती दिसते. रेघा असोत वा नसोत, पलीकडे आपल्या गाडीपुरती जागा दिसत नसेल तर हिरव्या सिग्नललाही अलीकडेच थांबा, मागचा कितीही हॉर्न वाजवो.