लेखक कोण? : बौद्धिक अक्षमता आणि आत्मकथनाचे कर्तृत्व

आत्मचरित्राच्या विचारात एक गोष्ट बहुधा गृहीत धरलेली असते : जगणारा, आठवणारा आणि लिहिणारा हे तिघे एकच असतात. या वाङ्मयप्रकाराची विश्वासार्हता त्या एकत्वावरच उभी असते. परंतु ज्यांना अक्षरापासून दूर ठेवण्याची तजवीज खुद्द कायद्याने केली, त्यांच्या बाबतीत हे गृहीतक अपुरे पडते. बौद्धिक अक्षमता असलेले म्हणून गणल्या गेलेल्या व्यक्तींच्या आत्मकथनांचा ब्रिटनमधील इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. समाजात त्यांचा समावेश होणे आणि संहितेचे कर्ते म्हणून त्यांना मान्यता मिळणे हे तेथे एकाच प्रश्नाचे दोन पदर आहेत.

संज्ञेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात रूढ झालेली 'लर्निंग डिसॅबिलिटी' ही संज्ञा सर्वसाधारण बौद्धिक अक्षमतेची वाचक आहे. भारतात तीच संज्ञा वाचन, लेखन वा गणन यांतील विशिष्ट अडचणींसाठी वापरली जाते. १९९५च्या भारतीय कायद्यातील 'मतिमंदत्व' जाऊन २०१६च्या कायद्यात 'बौद्धिक अक्षमता' आली आणि 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' वेगळी नोंदली गेली. येथे विवेचन आहे ते पहिल्या अर्थाने.

ब्रिटनमधील १९१३च्या मानसिक न्यूनताविषयक कायद्याने 'इडियट', 'इम्बेसाइल', 'फीबल-माइंडेड' आणि 'मॉरल इम्बेसाइल' असे चार वर्ग पाडले. आज शिव्या वाटणारे हे शब्द तेव्हा शास्त्रीय आणि कायदेशीर संज्ञा होते. एकदा वर्ग ठरला की माणूस वसाहतीत किंवा मोठ्या रुग्णालयात जाई आणि अनेकदा आयुष्यभर तेथेच राहत असे. पुढे १९४४च्या शिक्षण कायद्याने काही मुले शाळेत शिकवण्यास अपात्र ठरवण्याची तरतूद ठेवली; प्रत्येक मूल शिक्षणव्यवस्थेच्या कक्षेत यायला १९७०चा कायदा व्हावा लागला. परिणामी एक विलक्षण विषमता निर्माण झाली. या माणसांविषयीचे लेखन विपुल होते : दाखले, तपासण्यांचे अहवाल, प्रमाणपत्रे. त्यांचे स्वतःचे लेखन मात्र जवळजवळ नव्हतेच. संहिता होती, पण तिच्यात ते केवळ तृतीयपुरुषी नाम होते.

हा तृतीयपुरुष प्रथमपुरुष होण्याची प्रक्रिया १९६०च्या दशकात दृश्य होऊ लागते. डाउन सिंड्रोम असलेल्या नायजेल हंट या तरुणाचे पुस्तक १९६७मध्ये प्रसिद्ध झाले. ते त्याने स्वतः टंकलिखित केले होते; तरीही त्याला लायनेल पेनरोझ या ख्यातनाम आनुवंशशास्त्रज्ञाची प्रस्तावना होती. लेखक एकच, हातही एकच. त्यामुळे कर्तृत्वाच्या रूढ कल्पनेला येथे धक्का बसत नाही.

तो बसतो जोई डीकन यांच्या 'टंग टाइड' या १९७४च्या आत्मकथनाने. डीकन (१९२०–१९८१) यांना मेंदूचा पक्षाघात होता. त्यांचे बोलणे इतरांना कळत नसे, आणि न कळणारे बोलणे म्हणजे नसलेली बुद्धी असा निष्कर्ष काढला गेला. लहानपणीच ते केटरम येथील संस्थेत दाखल झाले. तेथे एर्नी रॉबर्ट्स हा मित्र त्यांना भेटला. त्याला डीकन यांचा शब्द न् शब्द समजत असे. डीकन बोलत, रॉबर्ट्स ते उच्चारून सांगत, मायकेल सँग्स्टर हाताने उतरवून घेत आणि टॉम ब्लॅकबर्न ते टंकलिखित करीत. ब्लॅकबर्न यांना लिहितावाचता येत नव्हते. चौघेही त्याच संस्थेचे रहिवासी. हे छोटेखानी पुस्तक पुरे व्हायला सुमारे १४ महिने लागले. व्यवस्थेने ज्या प्रत्येकात काही ना काही उणे नोंदले होते, अशा चौघांच्या क्षमता एकत्र येऊन येथे एक 'मी' सिद्ध होतो.

या 'मी'चा कर्ता कोण? डीकन हेच, असे म्हणावे लागते. कारण अनुभव, क्रम आणि निवड त्यांची आहे. परंतु 'त्यांनी एकट्याने' असे म्हणता येत नाही. मराठी वाचकाला हा पेच सर्वस्वी अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सच्चिदानंदबाबांना 'लेखक' म्हटले आहे ते उतरवून घेणारा या अर्थाने. ग्रंथाचे कर्तेपण त्यामुळे विभागले गेले असे कोणी मानीत नाही. निरक्षर बहिणाबाई चौधरींची गाणी इतरांनी टिपून ठेवली आणि १९५२मध्ये ती ग्रंथरूप झाली. त्यांच्या कवित्वाविषयी शंका उरली नाही. मग अक्षमता असलेल्या व्यक्तीच्या बाबतीतच साहाय्य हा संशयाचा पुरावा का ठरावा?

संशयाला कारणे आहेत, हेही नोंदवले पाहिजे. न बोलणाऱ्या व्यक्तीचा हात धरून तिच्याकडून टंकलेखन करून घेण्याची एक पद्धत पुढे गाजली. १९९०च्या दशकातील नियंत्रित चाचण्यांत तो मजकूर साहाय्यकाचाच असल्याचे निष्पन्न झाले. तेव्हा साहाय्य म्हणजे कर्तृत्व नव्हे. निर्णायक कसोटी अशी की, मध्यस्थाने मांडलेले वाक्य नाकारण्याची सत्ता बोलणाऱ्याकडे राहते की नाही. डीकन यांना भाषा पुरती समजत होती. मित्राचा शब्द चुकला तर तो नाकारणे त्यांना शक्य होते.

मेबल कूपर यांच्या कथनात हा विचार आणखी पुढे जातो. केटरमच्याच संस्थेत त्यांनी वीसहून अधिक वर्षे काढली. पुढे त्यांनी आपली जीवनकथा डोरोथी ॲटकिन्सन या संशोधिकेला सांगितली. ती ध्वनिमुद्रित झाली, संपादित झाली आणि १९९७च्या 'फर्गॉटन लाइव्ज' या ग्रंथात कूपर यांच्याच नावाने आली. स्वतःविषयीचे जुने दप्तर त्यांनी पाहिले, तेव्हा 'इम्बेसाइल' हा शब्द तेथे त्यांची वाट पाहत होता. १९७४मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात उगम पावलेल्या 'पीपल फर्स्ट' या स्वाधिकार चळवळीच्या लंडनमधील कार्यात त्या अग्रभागी राहिल्या. २०१०मध्ये मुक्त विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. ज्यांच्यावर दप्तर लिहिले गेले, त्याच आता त्या दप्तराच्या भाष्यकार झाल्या.

तथापि या यशाने प्रश्न संपत नाही. १९८१मध्ये 'ब्लू पीटर' या बालकार्यक्रमाने डीकन यांची सहानुभूतीने ओळख करून दिली. परिणामी शाळांच्या आवारात 'जोई' हीच एक शिवी झाली. दृश्यता म्हणजे समावेश नव्हे, हे यातून उघड होते. दुसरे असे की, कथनालाच सक्षमीकरणाची अट केले, तर जे कोणत्याही भाषेत कथन करू शकत नाहीत ते पुन्हा वगळले जातात. आत्मकथन हा हक्क आहे. माणूसपणाची पात्रतापरीक्षा नव्हे.

समीक्षेपुढील कार्य यातून स्पष्ट होते. 'अस्सल आवाज' शोधताना मध्यस्थांची नावे पुसून टाकण्याऐवजी त्यांची कामगिरी वाचनाचाच भाग केली पाहिजे. 'टंग टाइड' वाचणे म्हणजे डीकन यांच्याबरोबर रॉबर्ट्स यांचे ऐकणेही वाचणे होय. त्या संस्थेत शेकडो माणसे होती. ते बोलणे ऐकता येणारा एक मित्र निघाला, म्हणून ते पुस्तक झाले.